टॉवेलाखालची बोटं

विलास,

तू गेलास, यावरही मी आधी विश्वास ठेवला नाही. सकाळी मंदाचा जुन्नरहून फोन आला. ती रडत होती, तरी मी विचारलं, "डॉक्टर कोण व्हता? दुसऱ्याला दाखवलं का?" फिरायला जायचं म्हणून बुटाच्या नाड्या बांधत होतास, बांधता बांधता खुर्चीवरून खाली आलास आणि संपलास, असं ती, तुझी बायको, सांगत होती. आणि मी इकडं महाळुंग्यात गोठ्यात उभा राहून म्हणत होतो, "असं कसं? नाड्या बांधताना कुणी मरतं व्हय?" जुन्नरला पोचलो तेव्हा तुला खाली घेतलेलं होतं. मी तुझ्या छातीवर हात ठेवला, तळपाय चाचपले, मग भिंतीला टेकून बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "दादा, मी मेल्यावरबी तू माझे दात बघशील."

बघितलेच असते. बैलांचा व्यापार करणाऱ्या घरात आपण दोघं वाढलो. मालक सांगतो ते वय ऐकून घ्यायचं आणि मग जनावराचा ओठ वर करून दात स्वतः मोजायचे, हे आबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं. बाजारच्या दिवशी पेंडीत मीठ घालून चारलं की बैल भरमसाठ पाणी पितो आणि खपाटीला गेलेलं पोटही भरलेलं दिसतं. शिंगांना तेल का लावलंय, मागचा पाय टेकवताना हा कान का हलवतो, सगळं बघायचं. आपल्या घरात संशय हा दुर्गुण नव्हता, भांडवल होतं. तुझ्या वाट्याला ते जरा कमी आलं आणि माझ्या वाट्याला जरा जास्त, एवढाच आपल्यातला फरक.

पुण्याला शिकायला गेलास आणि कॅम्पातल्या पोरांच्या नादानं तुला फुटबॉलचं खूळ लागलं. मी म्हटलं, जाईल वर्षा-दोन वर्षांत. गेलं नाही. खेळाडू म्हणून तू बेताचाच होतास, हे तूच सांगायचास, म्हणून त्यावर माझा विश्वास आहे. पण मग तू शिकवायच्या परीक्षा द्यायला लागलास, कोच झालास, आणि इथं गावात माझी पंचाईत झाली. पारावर लोक विचारायचे, "इलास खेळत न्हाई, मंग करतो काय?" मला तरी कुठं ठाऊक होतं. एकदा मीच तुला विचारलं, "पळणार दुसरे, घाम गाळणार दुसरे, मंग पगार तुला कशाचा?"

तू शांतपणे म्हणालास, "दादा, तू तरी कुठं नांगर वढतो?"

 याचा राग मला अजून आहे.

मग तू आधी मालदीवला गेलास, एका बेटावरच्या संघाचा दुय्यम कोच म्हणून, आणि काळाठिक्कर पडून परत आलास. त्यानंतर मंगोलिया. हा देश खरोखर आहे की नाही इथपासून माझी सुरुवात होती. गावानं तुझा मोठा फ्लेक्स लावला, कोटातला फोटो, खाली 'महाळुंग्याचा सुपुत्र', आणि तुझ्या डोक्यापेक्षा मोठी डोकी चार पुढाऱ्यांची. मी त्या फ्लेक्सखालून रोज जायचो आणि मनात म्हणायचो, हा कुठंतरी वॉचमन असणार. तू बर्फात उभा राहून फोटो पाठवलास, मी मंदाला म्हणालो, मनालीला काढला असेल. सुट्टीवर आलास तेव्हा सांगत होतास की तिकडं खेळाडू तुला 'बाग्श' म्हणतात, म्हणजे गुरुजी. आणि तिकडचे लोक दुधाच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकतात. इथं मात्र मी तुला पकडलं. "मीठ घालून कोण कुणाला काय पाजतं, हे मला नको सांगू," मी म्हणालो. तू इतका हसलास की चहा सांडलास. उंटाच्या लोकरीचे मोजे आणले होतेस माझ्यासाठी. मी ते आधी हुंगून बघितले आणि मगच घातले. आता हे लिहितानाही पायात तेच आहेत.

विलास, हे सगळं थट्टेतलं होतं, तुलाही माहीत होतं. जे थट्टेतलं नव्हतं ते आता सांगायचं आहे, आणि ऐकायला तू नाहीस. त्यासाठी आधी पाखऱ्याकडं जावं लागेल.

बेल्ह्याच्या बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि टॉवेलाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा, हजार की शेकडा ते जनावर बघून दोघांना कळतंच. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या, लग्नकार्याच्या गप्पा चालू, म्हणजे भोवती उभ्या असलेल्या शंभर माणसांना काही पत्ता लागत नाही. आबा त्यात तरबेज होते. त्यांनी एकदा पाखऱ्याला बाजारात नेलं. आपला घरचा बैल, तू त्याच्या पाठीवर झोपून वाढलेला. मला मिसरूड फुटलेलं, तू अजून चड्डीत. शाळा सोडून तू बाजारात धावत आलास आणि पाखऱ्याचं दावं धरून भोकाड पसरलंस. गिऱ्हाईक मंचरकडचं होतं, ते बिचारं कावरंबावरं झालं. आबांनी तुला जवळ ओढलं, खांद्यावरचा टॉवेल तुझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली काहीतरी केलं.

तू गप्प झालास. एकदम. शर्टाच्या बाहीला नाक पुसलंस आणि उलट त्या गिऱ्हाइकालाच सांगायला लागलास, "आमचा पाखऱ्या लई पळतो." मी लांबून बघत होतो. मला वाटलं, आबांनी जिलेबी कबूल केली असणार.

संध्याकाळी पाखऱ्या आपल्याबरोबर घरी परत आला तेव्हा आबांनी मलाही ती खूण दिली. तळहाताच्या मधोमध अंगठ्याचं नख दोनदा दाबायचं. म्हणजे, हा विकायचा नाही. नुसता भाव काढतोय, बाजारात चार लोकांनी नाव घ्यावं म्हणून उभा केलाय, पण हा घरचा आहे. "ही खूण घराभाईर जायला नको," आबा म्हणाले. "गिऱ्हाइकाला कळली तर आपला बाजार उठला." आबा, तू आणि मी, तिघांपलीकडं ती कुणाला ठाऊक नव्हती. आईलाही नाही.

आता ती मॅच.

तुझ्या मुलीनं, ऋतुजानं, मोबाईलवर पाठवली होती. बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. मी चहाच्या हॉटेलात मोबाईल साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला आणि सगळ्यांना बोलावलं. "या, माझ्या भावाची टीम बघा." सगळे आपलेच, बैलांचे व्यापारी. फुटबॉल कुणाला कळत नव्हता, पण तू दिसलास की शिट्टी वाजायची. तुझी टीम एका गोलानं पुढं होती. मी चहावर चहा मागवत होतो. मध्येच मी जाणकारासारखं सांगितलं की तो मागचा पाच नंबरचा लंगडतोय, जनावर अधू आहे. तर त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. लोक हसले, मीही हसलो.

मग लाल शर्टातला नऊ नंबरचा पोरगा मैदानाच्या कडेला तुझ्यापाशी आला. तू खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढलास, त्याच्या हातावर टाकलास आणि तुझा हात त्या टॉवेलाखाली गेला.

हॉटेलातले सगळे मोबाईलवर वाकले. जगात दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. खेळाडूचा घाम पुसतोय, धीर देतोय, असंच वाटलं असतं. पण तिथं बसलेल्या प्रत्येकाचं आयुष्य टॉवेलाखाली गेलेलं. तुझी नजर भलतीकडं होती, ओठ भलतंच काही बोलत होते, अगदी आबांसारखे. पोरानं मान हलवली, नाही म्हणाला. तू पुन्हा काहीतरी धरलंस. मग तू त्याला बाहेर काढलंस, दुसरा कुणी आत पाठवलास, आणि तुझ्या टीमनं दोन गोल खाल्ले.

"सौदा झाला, राव," कुणीतरी म्हणालं.

"इलासनं बैल इकला!" दुसरा म्हणाला, आणि हॉटेल हसण्यानं भरून गेलं. मी मोबाईल खिशात टाकला. मी परत महाळुंग्याला पोचायच्या आत ही गोष्ट माझ्या पुढं पोचली होती.

मी तुला फोन केला. आडपडदा न ठेवता विचारलं, "टॉवेलाखाली काय चाललं व्हतं?"

  तू म्हणालास, "दादा, तू भाऊ म्हणून इचारतो का व्यापारी म्हणून?"

"दोन्ही म्हणून."

"मंग भावाला सांगतो, इकायचं काय नव्हतं. आन् व्यापाऱ्याला सांगून उपेग न्हाई."

आणि फोन ठेवलास. असं दुतोंडी उत्तर देणारा माणूस माझ्या बाजारात असता तर मी त्याच्याकडून शेळीही घेतली नसती. त्यात पुढं काय, तर त्या क्लबानं तुला नारळ दिला. तू पैसे घेऊन मॅच सोडलीस, यापलीकडं मला दुसरं काय वाटणार होतं? आग असल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात. मग दुसऱ्या क्लबानं तुला उचललं, त्याच देशात. तेही मला खटकलं. मंदाला म्हणालो, एका बाजारातून उठवलेला माणूस त्याच बाजारात दुसऱ्या झाडाखाली बसतो तेव्हा त्याला कुणीतरी बसवलेलं असतं. मंदा दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

तुला मात्र मी त्यानंतर एकदाही विचारलं नाही. तूही विषय काढला नाहीस. थंडीत तिकडची मैदानं गोठतात म्हणून दिवाळीला यायचास ते थेट होळीपर्यंत असायचास. महाळुंग्याला आलास की आपण गोठ्यात खाट टाकून बसायचो. बिबट्या कुठल्या शेतात दिसला, कांद्याला काय चाललंय, ऋतुजाला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं बोलायचो. एकदा तूच जवळ आला होतास त्या गोष्टीच्या. मी नव्या खोंडाचे दात बघत होतो. तू म्हणालास, "दात बघतो तू. पण दुखतंय का, हे कसं बघतो?"

"चालवून. बैल खोटं बोलत न्हाई. माणूस बोलतो."

"माणूस लई बोलतो. माझी पोरं तर सारखी बोलत्यात. दुखतंय का म्हणलं की न्हाई म्हणत्यात, कारण समद्या मैदानाचं ध्यान त्यांच्याकडं असतं. मंग त्यांला खरं बोलायला आडोसा करून द्यावा लागतो."

मला वाटलं, तू मला सुनावतोयस. म्हटलं, "आडोशाला काय काय चालतं ते आमाला ठावं हाय." तू माझ्याकडं बघितलंस. मग खोंडाच्या मानेवर थोपटत राहिलास.

तुझा मला रागही यायचा, विलास. भांडला असतास तर बरं झालं असतं. एका आईच्या पोटचे दोन भाऊ, एकमेकांच्या जमिनीत इंचाचा वाद नाही, आणि मध्ये एक टॉवेल. तू घरी आलास की मला बरं वाटायचं आणि तू हसलास की मी विचार करायचो, हा एवढा निर्धास्त कसा? ज्याच्या मनात काही नाही तो निर्धास्त असतो, आणि ज्यानं पचवलंय तोही निर्धास्तच असतो. मला त्या दोघांतला फरक ओळखता येत नव्हता. बैलात आला असता.

शेवटचे आपण भेटलो ते घोडेगावला. आबांचं नाव कमी करून सातबाऱ्यावर आपली नावं लावायची होती, तलाठ्याकडं खेटे झाले होते. त्या दिवशीही माझ्या मनात किडा होताच की तू आता वाटणीचं काढशील. तू सही केलीस आणि म्हणालास, "चल, भेळ खाऊ." एवढंच. मग जुन्नरच्या एसटीत चढलास, खिडकीपाशी बसलास. मी खाली उभा होतो. तू खिडकीतून हात बाहेर काढलास, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढलास आणि आपल्या दोघांच्या हातांवर टाकलास.

मी म्हणालो, "आरं, लोक बघत्यात."

तू हसत होतास. टॉवेलाखाली माझा हात धरलास आणि तळहाताच्या मधोमध नख दाबलंस. एकदा. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, गाडीनं हिसका दिला आणि हात सुटला. टॉवेल माझ्याकडं राहिला, तू खिडकीतून काहीतरी ओरडलास ते ऐकू आलं नाही. घरी येईपर्यंत मी विचार करत होतो. खूण दोनदा दाबण्याची. एकदा दाबलं तर ते काहीच नाही, नुसतं नख लागलं. व्यापारात अर्ध्या खुणेला किंमत नसते. मी ती धरली नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत मंदाचा तो फोन.

तुझ्या दशक्रियेला नदीवर एवढी माणसं आली की गाड्या लावायला जागा उरली नाही. आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊकच आहे, कीर्तनकारापेक्षा श्रद्धांजलीवाले जास्त. एका पुढाऱ्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, विलासरावांनी कबड्डीत देशाचं नाव सातासमुद्रापार नेलं. मागून कुणीतरी "फुटबॉल, फुटबॉल" म्हणालं, तर तो म्हणाला, खेळ कुठलाही असो, माती एकच असते. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तुझ्याकडं, म्हणजे तुझ्या फोटोकडं बघितलं. तू नक्की हसत होतास.

काल तुझा तेरावा. जेवणाच्या पंगती उठत होत्या तेव्हा दारात एक भाड्याची गाडी थांबली आणि त्यातून एक उंच पोरगा उतरला. लालसर गाल, बारीक डोळे, अंगात काळा कोट. आजूबाजूला कुजबुज, "पावणं कुठलं? नेपाळचं हाय का?" ऋतुजा धावत पुढं गेली, तिनं ओळखलं. म्हणाली, "हा बातार. बाबांच्या टीममधला." मी सवयीप्रमाणं आधी त्याचे पाय बघितले. उजवा गुडघा जपून टाकत होता. मग चेहरा बघितला. लाल शर्टातला नऊ नंबरचा.

त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं एक घोट घेतला आणि ऋतुजाकडं काहीतरी मागितलं. तिनं आतून मिठाची वाटी आणली. त्यानं चिमूटभर मीठ चहात टाकलं आणि समाधानानं प्यायला लागला. सगळी भावकी बघत राहिली. मीही. म्हणजे ते खरं होतं तर.

मग तो उठला. त्याच्या हातात निळ्या रेशमाच्या दोन लांब पट्ट्या होत्या. त्यांच्याकडं आदर दाखवायचा असला की असं निळं कापड दोन्ही हातांवर ठेवून देतात, असं ऋतुजानं सांगितलं. एक त्यानं तुझ्या फोटोवर घातलं. दुसरं घेऊन तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ऋतुजा म्हणाली, "काका, तो विचारतोय, बैलांचे व्यापारी भाऊ ते तुम्हीच का."

विलास, तेराव्याला विचारायची गोष्ट नव्हती. पण तो तीन देश ओलांडून माझ्यापुढं उभा होता आणि पुन्हा कधी येणार होता? मी म्हणालो, "त्याला इचार, त्या मॅचला टॉवेलाखाली काय झालं."

मंदा आतून म्हणाली, "दादा, आज तरी राहू द्या."

ऋतुजानं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि इंग्रजीत विचारलं. पोरगा जराही दचकला नाही. मी डोळ्यांत डोळे घालून बघत होतो, पापणी हलली असती तर मला कळलं असतं. त्यानं उत्तर न देता ते निळं कापड माझ्या हातावर पसरलं आणि त्याचा हात कापडाखाली आला.

मग तो बोलत गेला आणि ऋतुजा सांगत गेली. सुरुवातीला तुला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तुझी. तू त्यांना एक पद्धत शिकवलीस. दुखत असेल तर तोंडानं काही बोलायचं नाही, टॉवेलाखाली बोटं धरायची. एक बोट म्हणजे थोडं, पाच म्हणजे सहन होत नाही. त्याच्या आजोबांच्या काळी त्यांच्याकडंही घोड्यांचे सौदे असेच लांब बाहीत हात घालून व्हायचे, म्हणून त्या पोरांना ते लगेच जमलं. त्या मॅचला मोठ्या क्लबाची माणसं त्याला विकत घ्यायला येऊन बसली होती. त्याचा गुडघा आतून गेलेला होता. क्लबाच्या मालकाला ते माहीत होतं, आणि कुणाला कळायच्या आत सौदा व्हावा म्हणून पोरानं शेवटपर्यंत पळावं असं त्याचं म्हणणं होतं. पोरालाही जायचंच होतं. तू विचारलंस तेव्हा तोंडानं तो नाही म्हणाला, मान हलवली. आणि टॉवेलाखाली तुझी पाचही बोटं धरली.

तू त्याला बाहेर काढलंस. मॅच गेली, सौदा मोडला, मालकानं तुला काढलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आज तो दोन पायांवर चालत माझ्या दारात आला होता. तसाच पळाला असता तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते.

मी ऐकत होतो, पण पुरता ऐकत नव्हतो. सांगण्यासारखी गोष्ट कुणीही सांगतं. मनात म्हणत होतो, हा तुझ्या प्रेमातला पोरगा आहे, तुझ्या बाजूनंच बोलणार.

तेवढ्यात तो म्हणाला, "आणि मग बाग्शनं हे केलं."

कापडाखाली त्यानं माझा तळहात उताणा केला आणि मधोमध अंगठ्याचं नख दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं.

"तो म्हणतो," ऋतुजा सांगत होती, "याचा अर्थ मी बाबांना खूपदा विचारला. बाबा नुसते हसायचे आणि म्हणायचे, माझ्या भावाला विचार. म्हणून तो विचारतोय. याचा अर्थ काय?"

मी आधी मंदाकडं बघितलं. "तुला ठावं व्हती ही खूण?" तिला काही कळेना. ऋतुजाला विचारलं, तीही नाही म्हणाली. आबा गेलेले, तू गेलेला. आता संशय घ्यायला माणूसच शिल्लक नव्हता, विलास. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर अशी वेळ आली.

भाऊ म्हणून विचारतोस का व्यापारी म्हणून, हे तू का विचारलंस ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तोंडानं सांगितलं असतंस तर मी ते तपासलं असतं. उलटं करून बघितलं असतं, वास घेतला असता. म्हणून तू माझ्याकडं गोष्ट पाठवलीच नाहीस, पुरावा पाठवलास, तोही माझ्याच बाजारातला. तुझं भांडवल कमी होतं असं मी समजत आलो, ते काही खरं नव्हतं. पण एवढा उशीर करायला नको होतास. मी काही तुझा दुश्मन नव्हतो.

"सांग त्याला," मी ऋतुजाला म्हणालो.  "म्हणावं, ह्याचा अर्थ, हा इकायचा न्हाई. हा घरचा हाय."

तिनं सांगितलं. त्या पोरानं मान खाली घातली. हात त्यानं काढून घेतला नाही, मीही नाही. मग त्यानं हळूच काहीतरी विचारलं.

"काका, तो विचारतोय, बाबांनी हे तुम्हालापण कधी केलं होतं का?"

"केलं व्हतं," मी म्हणालो. "घोडेगावच्या स्टँडवर. पर एकदाच. दुसऱ्यांदा करायच्या आत गाडी सुटली."

ऋतुजानं ते त्याच्या कानाशी सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. बातारनं आमच्या हातांवरून घसरलेलं निळं कापड पुन्हा नीट पसरलं, माझा तळहात चाचपून मधली जागा शोधली आणि नख दाबलं. एकदाच.

मी मोजलं, विलास. तुझं एक आणि हे एक. दोन झाली.